बारा कपाटं, एक किल्ली: कोल्हापुरातल्या पेठेतल्या वाचनालयाच्या प्रकल्प नोंदी

१ जून २०२४, शनिवार

काल कार्यकारिणीत ठराव झाला. ‘सर्व वयोगटांसाठी वाचन उपक्रम’, मुदत आठ महिने, खर्च पंधरा हजारांच्या आत. सूचक, अनुमोदक, चहा. नोंदी ग्रंथपालांनी ठेवाव्यात असंही इतिवृत्तात आलंय, म्हणून ही वही. मंडळाला द्यायचा अहवाल वेगळा लिहीन, त्यात फोटो चिकटवायचे असतात. इथं जे घडेल ते.

सुरुवातीची स्थिती लिहून ठेवते. दाखल पुस्तकं अकरा हजारांवर. कागदावर सभासद ४१२. मे महिन्यात प्रत्यक्ष पुस्तक नेलेले ६७, आणि त्यातले निम्मे तेच तेच. खाली वाचनकक्षात सकाळ-संध्याकाळ पेन्शनर मंडळी पेपरला असतात. वर स्पर्धा परीक्षेच्या पोरांची अभ्यासिका, चाळीस खुर्च्या, सकाळी सातला भरलेली. ही पोरं येताना स्वतःची पुस्तकं आणतात, आमच्या बारा लोखंडी कपाटांसमोरून जिना चढतात आणि रात्री दहाला तशीच उतरतात. कपाटांना कुलूप. सगळ्या किल्ल्या एका कडीत, कडी आमच्या शिपाईमामांच्या कमरेला.

पद्धत अशी की वाचकानं चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहायचं, मामा काढून आणणार. ज्याला नावच माहीत नाही त्यानं काय लिहायचं, हा प्रश्न एकोणीस वर्षं नोकरी करून मलाही आत्ता पडतोय. याची लाज वाटली ती वाटली.

एक नियम स्वतःपुरता ठरवला. कुठलाही कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या खिडकीवर नवं कोण आलं एवढंच मोजायचं. टाळ्या, हजेरी, हारतुरे यातलं काही धरायचं नाही.

१५ जून, शनिवार

आज शाळा उघडल्या. बालविभागाच्या दोन कपाटांचं कुलूप काढायचा विषय कार्यवाह सरांपुढं ठेवला. सर भला माणूस, पण त्यांची भीती खरी आहे. “मॅडम, पुस्तकं गेली तर लेखापरीक्षणात उत्तर कोण देणार? तुम्ही का मी?” आपल्याकडं हरवलेल्या पुस्तकाची वसुली ग्रंथपालाच्या मानगुटीवर बसते, म्हणून सगळीकडं ग्रंथपालच कुलूप घट्ट लावून बसलेला असतो. न वाचलेल्या पुस्तकाबद्दल मात्र कुठल्याच लेखापरीक्षणात शेरा येत नाही.

तडजोड: कपाटं बंदच राहतील, पण लहान मुलांसाठी एक वेगळी उघडी मांडणी करायची. शंभर पुस्तकं. गेली तर माझ्या नावावर.

कपाट सहा फुटी, पोरगं तीन फुटी, त्यामुळं नवीनच करून घ्यावं लागणार. एक सभासद उद्यमनगरात वेल्डिंगचं काम करतात, त्यांनी माप घेतलं. मी म्हटलं, पुस्तकाचा कणा नको, तोंड दिसलं पाहिजे. ते म्हणाले, “म्हंजे चपलांच्या दुकानात लावत्यात तसं?” अगदी तसं.

२६ जून, बुधवार

राजर्षी शाहू महाराजांच्या जन्माला आज दीडशे वर्षं झाली. सकाळी मिरवणूक, चौकाचौकात लेझीम. आमच्याकडं प्रतिमापूजन.

दरवर्षी याच दिवशी १९१७ च्या सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाबद्दल बोललं जातं. आज मी दुसरं काढलं. १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, भारतातला पहिला. मद्रासचा १९४८ चा, तो स्वतंत्र भारतातला पहिला. महाराष्ट्राचा यायला १९६७ उजाडलं. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १८५० मध्ये, याच गावात आजचं करवीर नगर वाचन मंदिर सुरू झालेलं. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत हे सगळं मी घोकलं होतं, कोल्हापूरचं म्हणून एक मार्क जास्त मिळावा असं तेव्हा वाटायचं.

सर ऐकून घेऊन म्हणाले, “मग?”

“मग काही नाही. मांडणी आलीय, तेवढी आत घ्यायला माणसं द्या.”

हिरवा रंग अजून ओला होता. मामांच्या सदऱ्याला लागला.

३० जून, रविवार

पहिला गोष्टीचा तास. फसला.

निवृत्त शिक्षकांना बोलावलं होतं. त्यांनी तात्पर्याच्या तीन गोष्टी सांगितल्या आणि प्रत्येकीनंतर “यातून आपण काय शिकलो?” असं विचारलं. पहिल्या गोष्टीला एकवीस मुलं होती, तिसरीला आठ. बाकीची गल्लीत फुटबॉल खेळायला गेली आणि चेंडू दोनदा खिडकीवर आला. त्यात शिक्षकांचा दोष नाही. मीच त्यांना पुस्तक न देता खुर्ची दिली.

जमलेल्यांतली एक बारकी, तीन वर्षांची असेल, गोष्ट सोडून मांडणीपाशी गेली आणि हत्तीचं चित्र असलेलं पुस्तक उचलून त्याचा कोपरा चघळत बसली. दिवसभरात पुस्तकाला लागलेला तो एकच दात.

७ जुलै, रविवार

आज शेजारच्या वहिनी आल्या. शिवणकाम करतात, कधी स्टेजवर उभ्या राहिलेल्या नाहीत. त्यांना एवढंच सांगितलं की पुस्तक मुलांकडं तोंड करून धरा, वाचताना मध्येच थांबा आणि पुढं काय होईल ते मुलांना विचारा. चुकीचं उत्तर दिलं तरी दुरुस्त करू नका.

पुस्तकातली भाषा पुस्तकी. वहिनींनी पहिलं पान तसंच वाचलं आणि दुसऱ्या पानापासून आपोआप बोली लागली. “आता ह्यो कासव म्हंतोय, मला बी न्या की रं तळ्यावर. न्हेतील का ह्येला?” अर्धी पोरं न्हेतील म्हणाली, अर्धी न्हाई. पार भांडण. पान उलटेपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार, सुट्टी. मंगळवारी खिडकीवर अकरा मुलं. दोघांचे आईवडील सभासदही नाहीत. त्यांना फुकट बालसभासद करून टाकलं, ठराव मागाहून घेऊ.

१० जुलै, बुधवार

सध्या वाचनालय म्हणजे अर्ज भरण्याचं केंद्र झालंय. लाडकी बहीण योजनेची धांदल आहे. महिना दीड हजार, वय २१ ते ६५, वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. मुदत आधी १५ जुलै होती, ती ३१ ऑगस्ट केली. अधिवासाचा दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालतो. हे चार पर्याय मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावले, तेवढ्यानंच निम्म्या बायकांचा हेलपाटा वाचला. जवळच एका ठिकाणी अर्जामागं शंभर रुपये घेत होते. आमच्याकडं अभ्यासिकेतली तीन पोरं मोबाईलवर फुकट भरून देतात. हमीपत्राचा नमुना मामा वाटतात.

सरांना शंका की हे वाचनालयाचं काम आहे का. मला विचाराल तर आहे. लिहिलेला कागद ज्याला उलगडत नाही त्याला तो उलगडून दाखवायचा, यापलीकडं आपण वेगळं काय करतो?

बायका तासतासभर बाकावर बसून असतात. त्या बाकासमोरच्या टेबलावर मी मुद्दाम पंधरा-वीस पुस्तकं पसरून ठेवली. पाककृती, भरतकाम, दोन-चार आत्मचरित्रं, जाड टाइपातल्या कथा. काही बोलायचं नाही, फक्त ठेवायची.

एक मावशी निघताना म्हणाल्या, “बाई, तुमचं हे कवा उघडं असतंय?” सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी चार ते आठ. त्या हसल्या. “सकाळी डबा, संध्याकाळी सैपाक. दुपारी उघडा की वो.”

दुपारी वाचनालय बंद ठेवायचं कोणी ठरवलं असेल? ज्याला दुपारी झोपायला मिळतं त्यानंच.

१७ जुलै, बुधवार

बुधवार आणि शनिवार, दुपारी एक ते चार उघडं. मंडळाची मंजुरी ‘प्रायोगिक तत्त्वावर’. मामांना जादा मानधन नाही म्हणून त्या दोन दिवशी मीच बसणार.

आज सहा बायका. अर्जाच्या गर्दीच्या मानानं काहीच नाही, पण खिडकीच्या हिशेबात सहा नव्या.

२६ जुलै, शुक्रवार

पाऊस थांबायला तयार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांच्या वर गेलीय. इशाऱ्याचे ३९ फूट झाले की आमच्या पेठेतली माणसं दर दोन तासांनी पातळी विचारायला लागतात. नदीजवळच्या जामदार क्लबकडं पाणी आलं का, हा दुसरा प्रश्न.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी आमच्या पायरीपर्यंत आलं होतं. आत शिरलं नाही, पण भिंतीतून ओल चढली आणि तळच्या खणातली पुस्तकं फुगून कपाटातच अडकली. तेव्हा आम्ही घाईनं ती ओढून काढली आणि पाठी फाटल्या. नंतर बायंडरकाकांनी शिकवलं ते इथं लिहून ठेवते, पुढं कोणाला लागेल. भिजलेलं पुस्तक उघडायचं नाही. आधी उभं करून पाणी निथळू द्यायचं. मग दहावीस पानांआड कोरा शोषणारा कागद घालायचा आणि तो बदलत राहायचा. पंखा लावायचा, ऊन नाही, उन्हात पुठ्ठा वाकतो. गुळगुळीत कागदाची पुस्तकं ओली असतानाच पानं सुटी करावी लागतात, एकदा वाळली की वीट होते. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून ज्यांची नवी प्रत मिळत नाही ती आधी घ्यायची. छापील वर्तमानपत्र मध्ये घालू नये, शाई उतरते. आम्ही तेव्हा नेमकं तेच घातलं होतं, त्यामुळं एका कथासंग्रहात आजही एका सोन्याच्या पेढीची जाहिरात उलटी वाचता येते.

त्या वेळी १४३ पुस्तकं बाद करावी लागली. काही भिजून, काही गोंधळात सापडलीच नाहीत म्हणून.

यंदा संध्याकाळीच अभ्यासिकेत जाऊन सांगितलं, तळचा खण वर न्यायचाय. चाळीस पोरं जिन्यावर ओळीनं उभी राहिली. मामांनी कमरेची कडी काढून टेबलावर ठेवली आणि बाराही कपाटं उघडली. दीड तासात हजारेक पुस्तकं हातोहात वर गेली. हातात आलेलं पुस्तक पुढं देताना पोरं नाव वाचायची. “मॅडम, हे आपल्याकडं आहे? मी विकत घेतलं की गेल्या महिन्यात, पाचशे रुपयाला.” असं चार जण म्हणाले. दोन वर्षं ही पोरं त्या कपाटाच्या डोक्यावर बसून अभ्यास करतायत.

३० जुलै, मंगळवार

पाणी उतरतंय, आपल्यापर्यंत आलं नाही. पुस्तकं परत खाली आणायचीत. सरांना विचारलं, आणताना कुलूप लावायचंच का?

सर बराच वेळ कडीकडं बघत होते. “सहा महिने बघू,” म्हणाले. “पण पुस्तकांची पडताळणी जानेवारीत, आणि ती मी स्वतः करणार.”

९ ऑगस्ट, शुक्रवार

काल रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. आज केशवरावांची जयंती, तिच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांनी बांधवलेलं पॅलेस थिएटर ते. सकाळी पेपर वाचायला आलेल्यांपैकी कोणी पेपर उघडला नाही. एक आजोबा तिथं पहिल्यांदा कधी गेले ते सांगत होते, मध्येच थांबले आणि चष्मा पुसत बसले.

दुपारी वायरमनला बोलावून मेन स्विच, जुन्या वायरी, पंख्यांची जोडणी बघून घेतली. अभ्यासिकेतल्या दोन बोर्डांवर पोरांनी चार्जरचे गुच्छ लावलेले. काढले. अग्निशामक नळकांड्याची मुदत संपलेली होती, भरायला दिलं. यालाच साडेतीन हजार गेले, उपक्रमाच्या पैशातून. कोणी बोललं नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

ग्रंथपाल दिन. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची जयंती. त्यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांतलं पहिलंच आहे, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. सोमवार असल्यानं वाचनालयाला सुट्टी, त्यामुळं भाषण ऐकावं लागलं नाही. घरी भडंग केले.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

राज्यसेवेची पूर्व परीक्षा येत्या रविवारी होणार होती, ती पुढं गेली. त्याच दिवशी बँकांची परीक्षा होती, पुण्यात पोरं रस्त्यावर बसली होती. वर अभ्यासिकेत आज विचित्र शांतता. कोणी खूश, कोणी हताश. एक जण नुसता जिन्यात बसून होता. तो बिद्री भागातला, इथं खोली करून राहतो, खोलीचं भाडं आणि मेस धरून महिन्याचा हिशेब माझ्यासमोरच मांडला त्यानं.

खाली वाचनकक्षात एका काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना महिनाभर वाचायला बंदी. पेपर हातात घेऊन नुसते बसतात. जिन्यातल्याला म्हटलं, “मोकळा आहेस तर काकांना अग्रलेख वाचून दाखव. तुला चालू घडामोडी लागतातच.”

बसला. अग्रलेख उसाच्या दराचा. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, हा शब्द आल्यावर काकांनी हात वर केला, थांब म्हणाले. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. पुढची वीस मिनिटं त्यांनी शिकवलं: यंदाच्या हंगामाला क्विंटलला ३४० रुपये ते १०.२५ टक्के साखर उताऱ्याला, उतारा वाढला तर दर कसा चढतो, तोडणी-वाहतूक कुठं वजा होते, काट्यावर काय काय बघायचं. पोरानं वही काढली. आजूबाजूची चार पोरं गोळा झाली. “पुस्तकात ह्ये अर्ध्या पानात हाय,” एक जण म्हणाला.

उद्यापासून रोज साडेपाच ते सव्वासहा. पोरं वाचणार, म्हातारी मंडळी मध्ये तोंड घालणार.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन. गणपतीचे अकरा दिवस खिडकीवर शुकशुकाट, ते अपेक्षितच. तालमीतली निम्मी पोरं आमची, सगळी मंडपात.

जाहीर वाचनाला आता नेमानं दहाबारा पोरं आणि वीसेक वयस्कर असतात. भांडणं होतात. एका आजोबांनी दुसऱ्यांना “तुम्हाला इतिहास कळत न्हाई” असं म्हटल्यावर दुसरे रागारागानं उठले, थेट उघड्या कपाटातून चरित्र काढून आणलं आणि पान दाखवलं. चिठ्ठी लिहून, मामांना हाक मारून हे झालं नसतं. तोवर राग निवला असता.

आणखी एक. पेठेतला एक तरुण आहे, जन्मापासून दिसत नाही. तो वाचनाला येऊन बसतो. त्याला म्हटलं, सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाईन ग्रंथालय २०१६ पासून आहे, दाखला जोडून नोंदणी होते. नोंदणीची खटपट अभ्यासिकेतल्या मुलीनं केली. पण त्याला हवं असलेलं कोल्हापूरच्या इतिहासावरचं जुनं पुस्तक तिथं मिळेना. मग तेच पुस्तक आमच्याकडून स्कॅन करून, मजकूर सुधारून त्याच्या मोबाईलला वाचायला द्यायचं ठरलं. सरांनी कायद्याचं विचारलं, बरोबरच विचारलं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात अशा वाचकांसाठी सुलभ प्रत करायला, नफा न घेता, मुभा आहे. कलम दाखवलं. आता मुलगी रोज दहा पानं सुधारते. जोडाक्षरांत फार चुका येतात, ‘संस्थान’चं दर वेळी ‘संस्यान’ होतं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल घट बसले आणि संध्याकाळी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली. सरांनी पेढे आणले. साडेपाचच्या वाचनात पोरांचा पहिला प्रश्न, निकष काय? दुसरा, आता एकूण किती? मराठीबरोबर पाली, प्राकृत, असमिया, बंगाली. आधीच्या सहा धरून अकरा. लगेच वहीत गेलं. साखर कारखान्यातले काका म्हणाले, “परीक्षेपुरतं लिहून घ्या. पण एक तरी जुनं मराठी पान वाचून दाखवा मला.” मग उघड्या कपाटातून एक बखर आली. वाचणाऱ्याला ओळीमागं दोनदा अडखळायला झालं. म्हातारी मंडळी खूश.

१६ ऑक्टोबर, बुधवार

काल वाचन प्रेरणा दिन. दोन शाळांची दीडशे मुलं आली. प्रत्येकाच्या हातात पुस्तक, मोठा फोटो, पाहुण्यांचं भाषण पंचेचाळीस मिनिटं. पुस्तकं हातात धरून उभं राहायला लावलं, उघडायला वेळ मिळाला नाही. एका पोरानं भाषण चालू असताना मागं लपवून सहा पानं वाचली, त्याला बाईंनी पुढं बघ म्हणून टोकलं.

आज खिडकीवर नवं कोण? एक. तोच पोरगा. पुस्तकाचं नाव त्याला आठवत नव्हतं, रंग आठवत होता. मांडणीतून स्वतः काढून आणलं.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळी अंकांची योजना. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस वर्षाचं वाचन नोव्हेंबरात उरकतो. आमच्याकडंही वर्षाची सगळ्यात मोठी गर्दी आत्ताच. पन्नास अंक घेतले, दोनशे रुपयांत तीन महिने.

यंदा भर एवढीच की ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांना घरपोच. मामा सायकलवर दोन पिशव्या लावून शनिवारी फिरतात. एकूण चौदा घरं. मामांना वाचनाचं काही नव्हतं, आता ते घरोघर ऐकून येतात आणि मला सांगतात, “त्या आज्जींना भुताचं नको, आणि बारीक टाइपाचं तर अजिबात देऊ नका.” पुस्तकाच्या वर्गवारीत टाइपाच्या आकाराचा रकाना कुठंच नसतो. आम्ही जाड टाइपाच्या पुस्तकांच्या पाठीवर पिवळी पट्टी लावायला सुरुवात केली.

मुलांची फुटबॉल वही विसरलेच लिहायला. खिडकीवर चेंडू मारणाऱ्या त्याच पोरांना फुटबॉलवरची मराठी पुस्तकं हवी होती. आमच्याकडं दोनच. तेव्हा जुन्या पेपरांतून शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांची कात्रणं काढून ती वहीत चिकटवतात आणि खाली स्वतः लिहितात. “ह्या गोलला ऑफसाईड होता. पेपरवाल्यानं बघितलं नाही.” आता तिसरी वही चालू आहे. नोंदवहीतला क्रमांक, म्हणजे दाखलांक, देता येत नाही, पण मांडणीवर सगळ्यात जास्त हाताळलेल्या याच.

१ डिसेंबर, रविवार

पूर्व परीक्षा. अभ्यासिका रिकामी. मामांनी चाळीस खुर्च्या पुसून घेतल्या.

दंडमाफीचा पंधरवडा आजपासून. उशिरा आलेल्या पुस्तकाचा दंड साठून दोनशे-तीनशे झाला की माणूस पुस्तकही आणत नाही आणि तोंडही दाखवत नाही. कोषाध्यक्षांचा विरोध होता. त्यांना वर्षभरात दंडाची खरी वसुली किती ती काढून दाखवली: ६१० रुपये.

१५ डिसेंबर, रविवार

पंधरवड्यात ३८ पुस्तकं परत. एक जण पहाटे दाराच्या कडीला पिशवी अडकवून गेला, आत चार कादंबऱ्या आणि एक चिठ्ठी, ‘माफ करा’. नाव नाही, पण हस्ताक्षर देवघेव वहीत सापडलं. त्यांना काही कळवलेलं नाही. ती वही बंद करून ठेवली.

१९ जानेवारी २०२५, रविवार

पडताळणी झाली. सर म्हणाल्याप्रमाणं स्वतः बसले, चार दिवस, दाखल नोंदवही मांडीवर घेऊन. मी दाखलांक वाचायचा, त्यांनी खूण करायची. डिसेंबरात प्रत्यक्ष पुस्तक नेलेले सभासद: २०९, मे महिन्यात ६७ होते.

सहा महिन्यांत उघड्या कपाटांतून आणि मांडणीतून गेलेली पुस्तकं सात. त्यातलं एक चघळलेलं हत्तीचं, ते कोणाकडं आहे हे मला माहीत आहे. सरांनी आकडा पेन्सिलनं लिहिला, दोनदा मोजला, मग शाईनं लिहिला. काही बोलले नाहीत. कडी अजून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे.

संध्याकाळी आवरताना बुधवार दुपारच्या मावशी आल्या. सुनेबरोबर माळा साफ करताना एक पुस्तक सापडलं म्हणे. पाककृतींचं, पुठ्ठा तेलकट, आपला शिक्का. मधल्या पानांवर हळदीची बोटं आणि समासात पेन्सिलीनं, ‘मीठ कमी’, ‘दुप्पट केलं तर गूळ दीडपटच’, ‘ह्यांना आवडलं’. सासूबाईंचं अक्षर, त्या २०२० मध्ये गेल्या.

दाखलांक शोधला. नोंदवहीत त्या ओळीवर लाल रेघ: ऑगस्ट २०१९, पुरात गहाळ, बाद. खाली माझी सही.

बाद केलेलं पुस्तक पुन्हा दाखल कसं करायचं, याचा नियम आम्हा दोघांनाही आठवेना. लाल रेघ खोडता येत नाही, वहीत खाडाखोड चालत नाही. सर म्हणाले, नवा दाखलांक द्या, ‘देणगी’ म्हणून. देणगीदाराच्या रकान्यात नाव काय लिहायचं ते मावशींना विचारलं. त्यांनी सासूबाईंचं सांगितलं. पेन्सिल खोडायची का असं मामांनी विचारलं, तर सरच आधी नको म्हणाले.

पाठीला पिवळी पट्टी लावली, टाइप जाड आहे. मावशी तेच पुस्तक परत घरी घेऊन गेल्या, पंधरा दिवसांच्या मुदतीनं.